बद्रीनाथ सरांचा नकार

विशाखाला प्लँट हेड करून महिना होत आला, तेव्हा पुण्याच्या मुख्य ऑफिसातून निरोप आला. मोठ्या पदावर नव्यानं बसणाऱ्या प्रत्येकाला कंपनी एक कोच देते, तुम्हीही तुमचा निवडा. निरोप चांगल्या मनानंच धाडलेला होता. तरी विशाखाला वाटलं, आपलं गप्प बसणं त्यांच्या लक्षात आलंय.

ते खरंही होतं. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीनच्या गोंगाटावरून तिचा आवाज पार दुसऱ्या टोकाला पोचायचा. संचालकांच्या मीटिंगमध्ये मात्र तो निघायचाच नाही. उत्तर तिला ठाऊक असायचं, बोलायचं दुसरंच कुणीतरी.

पहिले कोच जालना रोडवरच्या हॉटेलात भेटले. रुबाबदार माणूस. चहा येईपर्यंत त्यांनी आपण कुणाकुणाला घडवलं ते सांगितलं आणि चहा संपेपर्यंत विशाखाचं काय काय बदलायचं ते. "भाषा जरा घासूनपुसून घेऊ. तुमच्या बोलण्यात मध्येच 'व्हय', 'नाय' येतं."

विशाखा हसली. पण गाडीत बसल्यावर तिला आईचं असंच 'व्हय', 'नाय'चं बोलणं आठवलं आणि त्या माणसाकडं परत जायचं नाही, हे तिथंच ठरलं.

दुसरी होती रूपाली. पडेगावची. एका मोठ्या दवाखान्याचा कारभार बरीच वर्षं सांभाळून आता हे काम करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मीटिंगमध्ये गप्प होता, तेव्हा तुम्ही कुणाची वाट बघत असता?"

"मी कुणाची वाट बघत नाही," विशाखा तडकून म्हणाली. मग "कळवते" म्हणून उठली. दिवसभर ती त्या प्रश्नावर धुसफुसत होती.

परक्या माणसांकडं जायचंच कशाला? आपले बद्रीनाथ सर आहेत की! पॉलिटेक्निकमधून आलेल्या विशाखाला ट्रेनी म्हणून त्यांनीच घेतलं होतं. ड्रॉइंग वाचण्यापासून ते चिडलेल्या ग्राहकासमोर उभं राहण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. तिच्या आडनावावरून जात ओळखून कँटीनमधले काही जण तिच्या टेबलावर बसायचं टाळायला लागले, तेव्हा सर आपला डबा घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. दुसऱ्या दिवशीही, नंतर रोजच. त्यावर एक शब्द कधी बोलले नाहीत. आता रिटायर होऊन ते हर्सूलला राहत होते.

रविवारी ती गेली. सर इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसले होते. द्वारकाकाकूंनी गरम धपाटे आणि दही आणून ठेवलं. विशाखानं सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, "सर, मला तुम्हीच पाहिजेत."

सरांचा चेहरा उजळला. मग त्यांनी धपाट्यांची ताटली तिच्याकडं सरकवली.

"नाय विशाखा. मी नाय."

"का? माझं काही चुकलं का?"

"तुझं कशाला चुकंल! मघाशी मी 'बस' म्हणेपर्यंत तू उभीच होतीस बघ. चारशे लोक तुझ्या शब्दावर चालतात आन् माझ्यासमोर तू अजून ट्रेनीच आहेस. मी सांगीन ते तू करशील. मलाबी लई गोड वाटंल. त्याच्यापायीच नको म्हणतो."

विशाखाचे डोळे भरून आले. तिनं मान खाली घालून धपाट्याचा तुकडा मोडला, पण तो खाल्ला नाही.

"त्या दोघांपैकी राग कुणाचा आला?" सरांनी हळूच विचारलं.

"रूपाली मॅडमचा. म्हणतात, मीटिंगमध्ये कुणाची वाट बघता."

"मग? कुणाची?"

इतकी वर्षं मीटिंगमध्ये ती सरांच्या मागच्या खुर्चीत बसायची. हळूच आकडे सांगायची. बोलायचे सर.

"तुमची," ती म्हणाली. "अजून वाटतं, आता तुम्ही बोलाल."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले. "मलाच कळायला पाह्यजे होतं," ते पुटपुटले. "तुला कधी पुढच्या खुर्चीत बसवलंच नाय मी."

काकू तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या. "काल तुझा फोन आल्यापासून त्यांचा पाय ठरत नव्हता गं. तू काय विचारणार, ते वळखलंच होतं त्यांनी. येत जा. काम नसलं तरी येत जा."

गाडी सुरू करण्याआधी विशाखानं रूपालीला फोन लावला. "मॅडम, त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले होते."

"मला कळलं होतं," रूपाली म्हणाली. "कधी भेटायचं?"

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. रूपाली उत्तरं देत नसे, आणि विशाखाला कधीकधी तिच्यासमोरून उठून जावंसं वाटे. पण दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये दिल्लीच्या संचालकांनी नवी लाइन घाईनं सुरू करायचं म्हटलं, तेव्हा विशाखा म्हणाली, "नाय, साहेब. माणसं अजून तयार नाहीत. मला थोडा वेळ द्या." सगळे तिच्याकडं बघायला लागले. वेळ मिळाला.

हे सांगायला ती हर्सूलला गेली, तर सर तिला बोलूच देईनात. कॉलनीच्या लोकांनी त्यांना अध्यक्ष केलं होतं आणि पाण्याच्या टँकरवरून दोन गल्ल्यांत जुंपली होती.

"तू आधी हे ऐक," सर खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "तू असतीस तर काय केलं असतंस, सांग बरं."