माहेरावर दावा

बेडशाच्या लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून नंदाबाईचं घर होतं. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं सारवलेलं अंगण आणि अंगणात एक शेवगा. वळून बघावं असं त्यात काहीच नव्हतं. पण पुण्या-मुंबईची माणसं बंगल्यांसाठी जागा हुडकत त्या रस्त्याला फिरू लागली आणि ज्या कोपऱ्याला इतकी वर्षं गावातलं कुत्रं विचारत नव्हतं, त्याला एकाएकी 'रोड टच' असं नाव पडलं. नंदाबाईचं दुर्दैव तिथूनच सुरू झालं.

जागा तिच्या बापाची. बाप गेल्यावर थोरला भाऊ कोंडाजी तिला वडगावला घेऊन गेला आणि तिनं हक्कसोडीच्या कागदावर अंगठा उठवला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बहिणी अशाच अंगठा उठवून मोकळ्या होतात. वाटा मागणारीला माहेर उरत नाही. न मागणारीला चोळी-बांगडी मिळते, सणाला ताट मिळतं, दारात गेलं की 'ये' म्हणणारं एक माणूस मिळतं. हा सौदा स्वस्तातला की महागातला, हे नंदाबाईनं कधी तपासून पाहिलं नाही. पुढं नवरा दारूनं गेला, सासरच्यांनी तिला पोरीसकट बाहेर काढलं, तेव्हा कोंडाजीनंच तिला रस्त्याकडचा हा कोपरा दाखवला. "हितं बांध. तुला कोन उटवतंय?" म्हणाला. मळवलीच्या बंगल्यांमधली धुणीभांडी करून तिनं भिंती उभ्या केल्या. भावाकडं कागद मागितला नाही. सख्ख्या भावाकडं कागद मागायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. ते तिच्यानं झालं नसतं.

कोंडाजीचा मुलगा सत्यम मात्र कागदाचा माणूस निघाला. जागा बघायला येणाऱ्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसता बसता त्याला आपल्याच बांधावरची जागा दिसली. नवरात्रात तो आत्याच्या अंगणात आला. चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही. "आत्या, कोपरा धरून सगळी जागा दिलीया. दिवाळी कर नि मोकळं कर," एवढं बोलला. मी जायचं कुठं, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, अपेक्षा आहे की लोणावळ्यात.

अपेक्षा म्हणजे नंदाबाईची मुलगी. ती चिक्कीच्या दुकानात पाकिटं भरायची आणि दुकानामागच्या एका खोलीत आणखी तीन पोरींबरोबर राहायची. तिथं आईनं पाय कुठं पसरायचे, हे सत्यमला विचारण्यात अर्थ नव्हता. नंदाबाई भावाकडं गेली. कोंडाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "पोरगं आयकत न्हाई गं," म्हणाला. माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसणं आणि कामाला येणं यात फार अंतर असतं.

अपेक्षा आईसारखी नव्हती. ती आधी लोणावळ्यात एका एजंटाकडं गेली. टेबलावर काच, काचेखाली देव, आणि देवाच्या वर त्या गृहस्थाचे कोपर. त्यानं हक्कसोडीचं ऐकल्याबरोबर हात झटकले. अंगठा दिला तिथंच तुमचं संपलं, आता गोडीनं बाहेर पडा, असा सल्ला त्यानं दिला आणि त्याचेही पैसे घेतले. अपेक्षा दुकानात येऊन रडत बसली, तेव्हा शेजारी पाकिटं भरणाऱ्या हुस्नबानोनं तिला कोपरानं ढोसलं. हुस्नबानोचं सामान घरमालकानं एकदा भर पावसात रस्त्यावर फेकलं होतं. तेव्हा तिला कुणीतरी वडगावच्या कोर्टात पाठवलं होतं. "रडतेस काय? कोर्टात विधी सेवेची खोली आहे. बाईमाणसाला तिथं वकील फुकट देतात. कमाई किती तेही विचारत नाहीत," ती म्हणाली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नंदाबाईही लेकीला हेच म्हणाली. ही म्हण ज्यांच्याकडं घर असतं त्यांनी केली असावी. अपेक्षानं ऐकलं नाही, आईला हाताला धरून नेलं.

त्या खोलीत त्यांना राजेश्वरी शेटे नावाच्या वकीलबाई नेमून मिळाल्या. चष्मा कपाळावर, आवाज कोरडा, पण पुरतं ऐकून घेणाऱ्या. नंदाबाईनं पिशवीतून घरपट्टीच्या पावत्या आणि विजेची बिलं काढली. सगळी तिच्याच नावाची, कारण भरत तीच होती. वकीलबाईंनी ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "जागा कुणाची हे पुढं बघू. घर तुमचं आहे आणि तुम्ही त्यात राहताय. राहत्या माणसाला कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी उचलून बाहेर टाकू शकत नाही. आपण मनाई हुकूम मागू."

घर तुमचं आहे, हे वाक्य नंदाबाईनं जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बापाचं घर भावाचं होतं, सासरचं घर दिरांचं होतं, आणि हे, स्वतः विटा वाहून बांधलेलं, तेही ती भावाची कृपाच समजत होती. तिचे डोळे भरून आले. लोकांत रडायची तिला लाज वाटली, पण वाटली तरी ती रडली.

ग्रामपंचायतीचा उतारा मिळेपर्यंत कोर्टाला दिवाळीची सुट्टी लागली. कोर्ट उघडलं की पहिल्याच दिवशी दावा दाखल करू, असं वकीलबाईंनी सांगितलं. आणि जाताना दोन गोष्टी बजावल्या. हुकूम हातात पडेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, भावाजवळ तर नाहीच. आणि घर रिकामं सोडायचं नाही. "तुम्ही आत आहात हीच तुमची ताकद आहे, मावशी. एक रात्रसुद्धा कुलूप लावून जाऊ नका." नंदाबाईनं दोन्हीला मान डोलावली. मान डोलावताना तिला भाऊबीज आठवली नव्हती.

दिवाळीत लोणावळ्याला पर्यटकांची झुंबड. चिक्कीच्या दुकानात सुट्टी कुणालाच नव्हती, त्यामुळं अपेक्षा काही येऊ शकली नाही. नंदाबाईनं एकटीनंच घर सारवलं, पणत्या लावल्या. भाऊबीजेला संध्याकाळी निरांजन, सुपारी, अक्षता घेऊन ती गावात कोंडाजीकडं निघाली. ओवाळून लगेच परतायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पाटावर कोंडाजी बसला होता. टोपी नवी होती. नंदाबाईनं कुंकू लावलं, सुपारी फिरवली आणि ताट हातात घेतलं. मग तिचा हात अडला. ज्याच्यावर दावा तयार करून ठेवलाय त्यालाच औक्ष मागायचं, आणि तोंडानं चकार शब्द काढायचा नाही? वकीलबाईंना कायदा कळत होता. पण दिव्याच्या उजेडात भावाच्या तोंडाकडं बघून खोटं कसं वागायचं, ते कायद्यात लिहिलेलं नसतं. शिवाय खरं सांगायचं तर तिला एक वेडी आशा होती. आपण सांगू, आणि हा म्हणेल, नंदे, कोर्टात कशाला जातीस, मी बघतो सत्यमकडं.

"दादा," ती म्हणाली, "मी वडगावात वकील बगितलाय. कोर्ट उगाडलं की दावा लावनार हाय. तुज्या पाटीमागं काय करायचं न्हाई म्हनून सांगते."

दारात उभा असलेला सत्यम मोबाइलमधून डोकं वर काढून बघू लागला. कोंडाजीनं नवी टोपी नीट केली. मग म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस."

तिनं ओवाळलं, त्यानं ओवाळणी टाकली. कुणी आवाज चढवला नाही, कुणी शिवी दिली नाही. उलट सून पुढं झाली, आत्याबाई आज राहा म्हणाली. सत्यमसुद्धा म्हणाला, राहा की आत्या, सणाची कुठं जातेस. नंदाबाई नको नको म्हणत उठली, तेव्हा कोंडाजीनं तिचा हात धरला. "आजची रात ऱ्हा. उद्या दुपारी जिवून जा. किती वर्सं झाली, म्हायारी ऱ्हायली न्हाईस."

खरंच किती वर्षं झाली होती. भावानं हात धरून ठेवून घ्यावं, यासाठी बाई काय काय विसरते! ती वकीलबाईंचं सांगणं विसरली नव्हती. तिनं ते बाजूला सारलं. आपण खरं बोललो म्हणून भावाला पाझर फुटला, असा तिनं त्याचा अर्थ लावला. घराला कुलूप होतं, आणि चावी कमरेला होती.

सकाळी कोंडाजी स्वतः कामशेतला जाऊन आला. येताना बहिणीला पातळ घेऊन आला. हिरवं, बारीक काठाचं. दरवर्षी ओवाळणीवर भागायचं, पातळ पहिल्यांदाच आलं होतं. नेसून ये, बघू तरी, म्हणाला. ती नेसून आली. सुनेनं पुरणपोळी केली होती. कोंडाजीनं आपल्या हातानं तिला वाढलं, वर तूप सोडलं. वाढताना तो खाली बघत होता. रस्त्याकडून यंत्राची घरघर येत होती. नंदाबाईनं विचारलं, तर सून म्हणाली, लेण्यांच्या रस्त्याचं काम चाललंय. दुसरी पोळी ती नको म्हणत होती, तरी कोंडाजीनं आग्रह केला. मग तिनं तीही खाल्ली. सत्यम जेवायला नव्हता.

दुपार कलल्यावर ती निघाली. वळणावरून आधी शेवगा दिसायचा, मग पत्रा. शेवगा दिसला.

पत्रा नव्हता. भिंती नव्हत्या. विटांचा आणि मातीचा एक ढीग, आणि त्यावर जेसीबीच्या चाकांच्या खुणा. भांडी, गोधडी, देव, तिची पेटी, सगळं झाडाखाली व्यवस्थित काढून ठेवलं होतं. त्या व्यवस्थितपणाचीच तिला सगळ्यात जास्त चीड आली. मोडलेल्या घरापुढं ती नवं पातळ नेसून उभी राहिली आणि कमरेची चावी हातात घेऊन बघू लागली. रस्त्यानं लेणी बघून येणाऱ्या पोरांची गाडी गेली. त्यातल्या एकानं हात हलवला.

कोंडाजी तिच्या मागून आला होता. बांधापाशी थांबला, पुढं येईना.

"दादा, तुला ठावं हुतं?"

कोंडाजीचं तोंड वाकडंतिकडं झालं. "तुला लागू नये म्हनून ठिवून घेतली गं," तो म्हणाला. "तू आत असतीस, आनि हटली नसतीस, तर? पोरगं काय थांबलं नसतं."

तो हे खोटं बोलत नव्हता, हेच वाईट. बहिणीचा जीव वाचवला असंच त्याला वाटत होतं. केसानं गळा कापायचा आणि वर गळ्याला तूप चोळायचं, असली ही माया. नंदाबाई वळली. शेवग्याखाली गोधडीवर बसली. तो बांधावरूनच मागं फिरला.

कोर्ट उघडलं त्या दिवशी ती अपेक्षाबरोबर वडगावला गेली.  वकीलबाईंनी तयार करून ठेवलेला अर्ज समोर होता. सगळं ऐकल्यावर त्यांनी चष्मा कपाळावरून काढला आणि टेबलावर ठेवला. रागावतील असं नंदाबाईला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मनाई कशाला मागायची आता, मोडलेलं मोडू नका असं कसं सांगणार. आता ताबा परत मागायचा, भरपाई मागायची. वेळ लागेल, वर्षं लागतील, तोवर जागा दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून धडपडायचं. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागेल. घर मोडलं तेव्हा तुम्ही घर सोडून गेला नव्हता, तुम्हाला मुद्दाम बोलावून ठेवून घेतलं होतं. कुणी ठेवून घेतलं, हे नावानिशी लिहायचं.

"म्हणजे भावाचं नाव प्रतिवादी म्हणून पहिलं येईल. चालेल?"

 अपेक्षानं तोंड उघडलं, पण वकीलबाईंनी हातानं तिला गप्प केलं. हे उत्तर दुसऱ्या कुणी द्यायचं नव्हतं.

"त्यानं आपल्या हातानं वाडलं," नंदाबाई शेवटी म्हणाली. "दुसरी पोळी मी नगं म्हनत हुते." मग म्हणाली, "लिवा. पयलं नाव त्याचंच लिवा."

वकीलबाई लिहू लागल्या. नंदाबाईनं पिशवीत हात घातला आणि घडी घातलेलं हिरवं पातळ काढून टेबलावर ठेवलं. हे कोर्टाला दाखवायला लागेल का, असं तिनं विचारलं. लिहिता लिहिता, मान वर न करता वकीलबाई म्हणाल्या, नाही मावशी, त्याची काही गरज नाही, घरी नेऊन ठेवा.

मग त्यांचा हात थांबला.

नंदाबाई पातळाची घडी पुन्हा नीट करत होती. "ठिवू कुटं, बाई?" तिनं विचारलं.