ठेवणीतलं बटण

आमच्या बटणांच्या दुकानात गल्ल्याखाली एक उथळ खण आहे. त्यात पुठ्ठ्यावर प्रत्येक जातीचं एकेक बटण शिवलेलं असतं. आत्या त्याला ‘ठेवण’ म्हणते. गिऱ्हाइकाचं बटण ठेवणीशी ताडून बघायचं, नंबर वाचायचा आणि माल बरणीतून काढायचा. ठेवणीतलं विकायचं नाही. घरी ठेवणीतल्या चादरीही आत्या कपाटातच पिवळ्या पाडते, त्यामुळे हा शब्द मला चिकटपणाचंच सोज्वळ नाव वाटायचा.

एकदा एक बाई जुना कोट घेऊन आल्या. पाचांपैकी मधलं बटण गेलं होतं.

“बाबांना आता माणसं ओळखू येत नाहीत. दिवसभर हा कोट घालून बटणं चाचपत बसतात. मधलं हाताला लागलं नाही, की घरभर शोधतात. मग रडतात.”

मी त्यातल्या त्यात जवळचं दाखवलं.

“असलं एक लावून पाहिलं हो. त्यांच्या बोटांना कळतं.”

ठेवणीत तंतोतंत जुळणारं निघालं. बरणी मात्र रिकामी, आणि ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला.

“ठेवणीतलं विकत नाही,” आत्या म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. “मग काय लोणचं घालणारेस त्याचं?”

आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. कात्री घेतली, पुठ्ठ्यावरचा दोरा कापला आणि बटण बाईंच्या हातावर ठेवलं. “विकत नाही म्हटलं. देत नाही म्हटलं का? अडीअडचणीला लागतं म्हणून तर ठेवायचं. तुमचं काम झालं, की आणून द्या.”

काम झालं, की. बाईंनी मान खाली घातली. आत्याच्या जिभेला हाड नाही, हे मला नव्याने कळलं. रिकाम्या जागी तिने पेन्सिलीने लिहिलं, ‘बाहेर गेलंय’.

पुढच्या थंडीत बाई परत आल्या. बरोबर कोट नव्हता. रुमालात पाच बटणं होती.

“सगळी ठेवा,” त्या म्हणाल्या.

आत्याने त्यांना स्टूल दिलं. “ठेवणीत एकच लागतं. बाकीची तुमची.”

त्यातलं आमचं कुठलं, ते आत्यालाही ओळखता येईना. बाईंनी बराच वेळ ती चाचपली आणि एक पुढे केलं.

“हे घ्या. शेवटी शेवटी त्यांचं बोट याच्यावरच थांबायचं.”

ते पुठ्ठ्यावर मीच शिवलं. आता कुणाचं बटण त्याच्याशी ताडून बघताना माझंही बोट तिथे जरा थांबतं.