केबलचे अकरा वेढे

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी संध्याकाळचे पाच वाजले की माझा कान आतल्या खोलीकडे जातो. ह्यांना हॅम रेडिओचा नाद. राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर अँटेना, आत सेट, आणि रोज पाचला माईक हातात घेऊन दूरदूरच्या हौशी मंडळींशी बिनतारी गप्पा.

खालच्या मजल्यावर उदयसिंह आणि त्याची बायको मोना राहायचे; तो आठवडाभर पुण्याला नोकरीला, रविवारी घरी. त्याने आपल्या आईला, अंबूबाईंना, शाहूवाडीहून आणलं होतं. दृष्टी गेलेली, अंथरुणाला खिळलेल्या. उशाशी भजनांचा स्पीकर. पाच वाजले की त्यात ह्यांचा आवाज घरघरायचा. शब्द एकही कळत नसे. उदयसिंह तक्रार घेऊन वर आला.

"चूक माझीच," हे म्हणाले. "अँटेनाच्या केबलवरून नको तो करंट घरात उतरतोय. तुमच्या स्पीकरची वायर तो पकडते. बंद करतो, शब्द देतो."

अँटेनाखाली मी प्लॅस्टिकचा पाइप धरला, ह्यांनी त्यावर केबलचे अकरा वेढे घातले. करंटची वाट अडली. खाली भजन स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

आठवड्याने मी खीर घेऊन गेले, तर अंबूबाईंनी माझं मनगट चाचपलं.

"मालक कवा गेलं वो?"

"अहो, आहेत की! ह्या बघा बांगड्या."

"आताच्या बायका कुठं काढत्यात? आंधळीला फसवू नगा. रोज पाचला वरनं बोलायचं माझ्यासंगं, आठ दिस झालं आवाज न्हाय. मीबी सांगायची, आज भाकरी ग्वाड लागली न्हाय म्हणून."

मी ह्यांनाच खाली नेलं. "अंबूबाई, मी आकाराम. वरचा."

त्या हसल्या. "पावणं, त्यांचा आवाज घागरीतनं आल्यागत. तुमचा न्हवं."

जिन्यात मी म्हटलं, "सोडा की ते वेढे. पाचच मिनिटं."

"उदयसिंहाला शब्द दिलाय. रविवारी तो पुण्याहून आला की विचारतो."

"फोन करा."

"असलं फोनवर बरं दिसत नाही. समोर बसून बोलतो."

शुक्रवारी अंबूबाई गेल्या.

तेराव्याच्या जेवणाला उदयसिंह ह्यांच्याशेजारी बसला होता. "काका, रागावू नका. शेवटी शेवटी आई रोज ताटातला एक घास बाजूला काढायला लावायची. वर बोलायचे त्यांच्या नावानं कावळ्याला घाल, म्हणायची. मोना घालायची बिचारी. नाही घातला तर आई जेवायचीच नाही."

ह्यांनी हातातला घास पानात ठेवला.

वर आल्यावर हे गच्चीत गेले आणि एकेक करून सगळे वेढे सोडले. पाच वाजता सेटसमोर बसले, माईक उचलला. बोलायचं बटण दाबलंच नाही. बराच वेळ तो तसाच तोंडाशी धरून बसले होते.