तोंडात गोळी, जाळ्यात निळशेपट्या

पक्ष्यांच्या पायात नोंदीचं कडं घालायची परीक्षा असली की शिकवणाऱ्याने जवळ उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे. कोणी केला देव जाणे! त्यातून परीक्षा माझ्या सुनेची, शिकवणारा मी. निघताना आमच्या हिने माझ्या तोंडात पेपरमिंटची गोळीच कोंबली.

"अहो, तुमच्या एका शब्दापायी पोरीचा परवाना हुकला, तर माझ्याशी गाठ आहे!"

पानगळ संपत आली होती, हंगामाचा शेवटचा दिवस. आज जमलं नाही तर सूनबाई आणखी वर्षभर माझ्या हाताखाली. त्यात काय सुख असतं ते तिलाच विचारा.

पाणथळीवर थंडी मी म्हणत होती. तळ्याकाठी जाळी ताणून आम्ही खोपटात बसलो. टेबलावर वजनकाटा, पक्कड, कड्यांची डबी, सगळं तिने मांडून ठेवलेलं. परीक्षक बाईंचा दुसरा चहा झाला तरी एक पीस फिरकेना. आणि मग आला तो थवाच आला! जाळं नुसतं लगडून गेलं.

सूनबाई धावली. एकेक पक्षी अलगद सोडवायचा, कापडी पिशवीत घालायचा, पिशवी खोपटातल्या खुंटीला. वा! मी मनात म्हटलं, हात बघावा तर हिचा. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. ती थबकली, हातातल्या पक्ष्याच्या छातीवर बोट ठेवलं आणि दिला की सोडून! मग दुसरा, तिसरा, कडं न घालताच. अगं बाई, परीक्षा आहे तुझी! मी गोळी या गालातून त्या गालात फिरवत राहिलो.

आणि तिच्या मुठीत मला निळी शेपटी दिसली. निळशेपट्या! याच्यासाठी मी आयुष्यभर या चिखलात पाय भिजवले. तळ्यापलीकडे जाळी लावणाऱ्या टकल्याला तो दोनदा दिसलाय, आणि दोन्ही वेळा मेल्याने मला मुद्दाम फोन करून सांगितलंय. सूनबाईंनी मुठीतल्या पक्ष्याकडे पाहिलं, त्याला झुडपाशी नेला आणि मूठ उघडली.

माझ्या दाताखाली गोळी कडकन फुटली. पण शब्द? एक नाही!

खुंटीवरच्या सगळ्यांना कडी घालून, वजन करून ती बाहेर सोडून आली. मग बाईंनी विचारलं, "बाकीचे का सोडलेस?"

"ओले झाले होते. माझे हात दोनच. नंबर येईपर्यंत एखादा गारठून गेला असता."

"आणि तो निळा कोण होता, कळलं का?"

"निळशेपट्या. बाबा किती वर्षं त्याची वाट बघतायत." तिचा आवाज बारीक झाला. "पण सगळ्यात जास्त तोच थरथरत होता हो."

बाई हसल्या आणि तिथेच परवान्यावर सही केली. "तू आणखी एक जरी पिशवीत घातला असतास ना, तर नापासच केलं असतं."

सूनबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आता बोला, बाबा. काय शिव्या घालायच्या त्या घाला."

आता मुभा होती, तर मेली जीभच हलेना. इतका आनंद झाला होता मला, आणि डोळ्यांतून पाणी. शेवटी म्हटलं, "त्या टकल्याला फोन लाव. सांग, माझ्या सुनेने निळशेपट्या हातात धरला होता."

"आणि सोडून दिला, तेही सांगू?"

"ते आधी सांग!"