तीन वेळचं पाणी

भांडण किल्लीवरून झालं. कंपाउंडरच्या कोबीच्या वाफ्यापाशी तिघं उभे होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती, नाकं गळत होती, आणि तरी कुणी माघार घ्यायला तयार नव्हतं.

"किल्ली माझ्याकडं राहील," टपालकाका म्हणाले. "सगळी नोकरी लोकांच्या दारात गेली माझी. एक चिठ्ठी कधी इकडची तिकडं झाली नाही."

"चिठ्ठीला पाणी घालावं लागत नाही, काका," शिवणवाली म्हणाली. "आणि राग मानू नका, पण तुमचा पालक कसा येतो ते गावाला ठाऊक आहे. शेळीसुद्धा हुंगते आणि पुढं जाते."

"शेळी तुझ्याच घरची असेल. जिभेवरून वाटतंच."

"तुम्ही दोघं आधी बाजूला व्हा," कंपाउंडर मध्ये पडला. "ही आजारी माणसाची बाग आहे. आजाऱ्याचं कसं करायचं ते माझ्यावर सोडा."

"मावशी आजारी आहे. बाग धडधाकट आहे," शिवणवाली म्हणाली. "तुमचा हात लागला की तीही आडवी व्हायची."

कंपाउंडरचा चेहरा पडला. औषधं पुड्यांत बांधून देण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि हातगुणावर कुणी बोललेलं त्याला खपत नसे. तो घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. टपालकाकांनी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि ते चालायला लागले. शिवणवाली कोबीपाशी एकटीच उरली. दुसऱ्याच्या बागेत मालक नसताना उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून थोड्या वेळानं तीही निघाली.

किल्ली सुईणमावशीच्या फाटकाची होती.

मावशीनं निम्म्या गावाला या जगात आणलं होतं. हात थरथरायला लागले तसं तिनं ते काम सोडलं आणि परसातल्या जमिनीत लक्ष घातलं. तिच्यामुळंच या चौघांची फेरी सुरू झाली. दर आठवड्याला एकाच्या बागेत जायचं, वाफे बघायचे, नावं ठेवायची, चहा प्यायचा. टपालकाका निवृत्त झालेले, बायको वारलेली. शिवणवालीला दिवसभर मशीनवर वाकून मानेला रग लागायची. कंपाउंडर दवाखान्यातल्या खोकल्यांना कंटाळलेला. थंडीच्या दिवसांत झाडं हळू वाढतात, बघायला फार काही नसतं. तरी फेरी चुकत नसे.

फेरीचा एकच नियम होता आणि तो मावशीनं घातला होता. दुसऱ्याच्या मातीत हात घालायचा नाही. टपालकाकांनी एकदा तिचं गाजर किती वाढलंय ते बघायला उपटलं होतं आणि परत खोचून ठेवलं होतं. मावशी म्हणाली, "टपाल, पोटातलं मूल किती वाढलंय ते असं ओढून बघतात का रे?" तेव्हापासून डोळ्यांनी बघायचं, तोंडानं बोलायचं, हात पाठीमागं. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कंपाउंडर बाजारातसुद्धा भाजीकडं हात मागं बांधूनच बघायचा.

त्या हिवाळ्यात मावशी मागच्या पायरीवर घसरली. सांडलेलं पाणी रात्रीत गोठलं होतं. खुब्याचं हाड मोडलं. तिघांनी तिला जीपमध्ये घातलं, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तिचा मुलगा आला. तो दुसऱ्या गावी वायरमन होता. बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की हलणारा नव्हता.

"आई, आता तुला एकटीला तिथं ठेवून मला झोप कशी लागायची?" तो म्हणाला.

"एकटी कुठं? ही तिघं आहेत की."

"आज आहेत. आठ दिवस येतील, मग आपापल्या कामाला लागतील. माणसाचं करणं सोपं नसतं."

मावशी उशीवरून मान उचलून त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बघच तर मग. मी घरी जाईपर्यंत माझी बाग यांच्या हातात. बाग सांभाळली तर मलाही सांभाळतील. मग मला माझ्या घरी सोडायचं आणि परत विषय काढायचा नाही. नाही सांभाळली, तर तू नेशील तिथं येईन. ब्र काढणार नाही."

मुलानं तिघांकडं बघितलं. तिघांनी माना डोलावल्या. मावशीनं किल्ली पांघरुणावर ठेवली. कुणी घ्यायची ते सांगितलं नाही, आणि गावी परतल्यावर कोबीपाशी जे व्हायचं ते झालं. फेरी बंद पडली. रस्त्यात भेटले तरी तिघं मान वळवून जायला लागले.

टपालकाकांना खात्री होती की किल्ली आपल्याकडं आहे म्हणजे बागही आपल्याकडंच आहे. ते भल्या सकाळी जायचे. त्या वेळी वाफे दवानं पांढरे झालेले असायचे, माती कडक वाटायची, आणि ओलं कोणतं नि गोठलेलं कोणतं ते कळायचं नाही. काका हातपंपावर झारी भरायचे. लोखंडी दांड्यानं बोटं बधिर व्हायची. ते बोटं काखेत धरून उभे राहायचे, मग दुसरी झारी भरायचे.

शिवणवालीला वाटायचं, काका कसले जातायत, उन्हाला पाय पसरून बसले असतील. थंडीचा तिच्याकडं कामाचा ढीग पडलेला. फाटके कोट, उसवलेली पांघरुणं, अस्तरं. तरी दुपारी मशीन थांबवून ती स्वयंपाकघराच्या बाजूनं, कुंपणातल्या फटीतून आत शिरायची. दुपारचा वारा कोरडा. वरची माती पापुद्र्यासारखी सुकलेली आणि फिकट दिसायची. "बघा, कोणी ढुंकूनसुद्धा बघितलेलं नाही," असं मनात म्हणत ती पाणी घालायची.

कंपाउंडरकडं मागच्या दाराची दुसरी किल्ली होती. मावशीच्या गुडघ्याला इंजेक्शनं द्यायला जायचा तेव्हापासूनची. ती दोघं भांडण्यातून मोकळी होणार नाहीत, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. दवाखाना आटोपून तो निघायचा तोवर दिवस मावळलेला असायचा. धुक्यात त्याला वाफ्यांच्या नुसत्या कडा दिसायच्या. तोही भरभरून घालायचा. जरा जास्तच, कारण हातगुणाचा विषय निघाला होता.

मावशीची जमीन काळी आणि चिकट. थंडीत ऊन कमी, झाडं पितातही कमी. ज्या वाफ्याला आठवड्यातून एकदा पाणी पुरलं असतं, त्याला दिवसातून तीनदा मिळत होतं. ते खाली जात नव्हतं, वर उडत नव्हतं, मुळांपाशी साठत होतं. काही दिवसांनी लसणाची पात पिवळी पडली. मुळांना हवा मिळाली नाही की पात पिवळी पडते. पाणी मिळालं नाही तरीही पिवळीच पडते. नुसतं बघून फरक कळत नाही. बोट मातीत खुपसलं असतं तर क्षणात कळलं असतं. पण मावशीची माती होती. तिघांनीही वाकून बघितलं, हात पाठीमागं ठेवून, आणि तिघांनीही आपापल्या वेळी एकच निदान केलं. तहानलीय बिचारी. मग झारी आणखी एकदा भरली.

थंडी उतरायला लागली तेव्हा जीप आली. मुलगा पुढं, मावशी मागच्या सीटवर उशांना टेकून. हॉर्न ऐकून टपालकाका धावत आले, शिवणवाली गळ्यात टेप तशीच ठेवून आली, कंपाउंडर आला. तिघंही हसत होते. एकमेकांकडं न बघता का होईना, पण हसत होते.

"कशा आहात मावशी?" शिवणवालीनं विचारलं.

"तुमच्या तोंडाकडं बघायला आलेले नाही. खुर्ची आणा. मला वाफ्यापाशी न्या."

खुर्चीवर उचलून तिला परसात नेलं. उजेडात, सगळे एकत्र असताना, ती बाग तिघांनीही पहिल्यांदाच बघितली. कोबीची खालची पानं काळी पडून चिकटली होती. वाटाणा बुडाशी मोडून आडवा झाला होता. वाफ्यांच्या कडांवर हिरवं शेवाळ. तुंबलेल्या मोरीचा असतो तसला वास.

मुलगा बागवान नव्हता. त्याला नियम ठाऊक नव्हता. त्यानं सरळ वाकून मातीत पंजा घातला आणि मूठ वर काढली. बोटांच्या मधून पाणी गळायला लागलं. दुसऱ्या हातानं त्यानं लसणाची पात ओढली, तर ती दोऱ्यासारखी निघून आली. खाली गड्डाच नव्हता, नुसता लगदा.

"पाणी कोण घालत होतं?" त्यानं विचारलं.

"मी. रोज सकाळी," टपालकाका म्हणाले.

"तुम्ही?" शिवणवाली वळली. "मी घालत होते!"

कंपाउंडरनं चष्मा काढला. काचा पुन्हा पुन्हा पुसल्या. मग म्हणाला, "संध्याकाळचं माझ्याकडं होतं."

मावशी अंजिराच्या झाडापाशी बसली होती. अंजीर थंडीत पानं गाळतं, नुसत्या काठ्या उरतात. जिवंत आणि मेलेलं सारखंच दिसतं. तिनं अंगठ्याच्या नखानं बुंध्याची साल खरवडली. आत तपकिरी. मग हात उंच करून एक फांदी खाली ओढली, तिला खरवडलं. आत हिरवं.

"वरच्याला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली.

मुलगा हात झटकून तिच्यापाशी आला. "आई, निघू या. हे लोक वाईट नाहीत, मला दिसतंय. पण एक बाग तिघांनी मिळून बुडवली. तुझं काय करतील?"

मावशीनं तिघांकडं बघितलं. टपालकाका जमिनीकडं बघत होते, आणि शिवणवालीनं टेप बोटाला इतकी करकचून गुंडाळली होती की बोट पांढरं झालं होतं.

"त्यांची चूक नाही," मावशी म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना."

"काय सांगितलं होतंस?"

"पाणी घाला म्हणून. आधी टपालला सांगितलं. मग मी सांगितल्याचं विसरले, म्हणून हिला सांगितलं. मग ते पण विसरले, म्हणून कंपाउंडरला. माझंच चुकलं. त्यांना कशाला बोल लावतोस?"

खोटं होतं. दवाखान्यात तिनं पाण्याचं अवाक्षरही काढलं नव्हतं. तिघांनाही ते ठाऊक होतं.

मुलगा तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "विसरलीस? दोनदा?"

मावशीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिनं तोंड उघडलं, पण तो बोलतच होता. "मला वाटलं, नुसतं हाडाचं आहे. आई, तू स्टोव्ह पेटवून विसरलीस तर? गोळी घेतली की नाही तेच विसरलीस तर? आता तर मी तुला अजिबात ठेवत नाही इथं."

"खोटं आहे ते!" शिवणवाली पुढं झाली. "दादा, त्या काही विसरलेल्या नाहीत. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा धड आहे. आमचं भांडण झालं होतं. किल्लीवरून. आम्ही बोलत नव्हतो एकमेकांशी. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच घालतोय. आम्हाला झाकायला म्हणून त्या बोलल्या."

"खरंय," काका म्हणाले. "मूर्खपणा आमचा."

मुलगा उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर भांडता आलं असतं.

"बोलत नव्हता," तो म्हणाला. "आणि आई पहाटे पडली असती तर काकांनी कुणाला सांगितलं असतं?"

कंपाउंडरनं खुर्चीची एक बाजू धरली, मुलानं दुसरी. मावशी दिल्या शब्दाला जागली. फाटकापर्यंत ती काही बोलली नाही. जीपमध्ये उशा लावून झाल्यावर तिनं शिवणवालीचा हात धरला, तिच्या बोटाची टेप सोडवली, नीट गुंडाळून तिच्या मुठीत दिली आणि म्हणाली, "जा, मशीन उघडं टाकून आली असशील."

जीप वळली. धूळ उडाली नाही, कारण रस्ता दवानं ओला होता.

तिघं फाटकाशी उभे राहिले. मग टपालकाका आत गेले आणि खोपटातून कुदळ घेऊन आले.

"आता ते कशाला, काका?" शिवणवाली म्हणाली. "कुणासाठी?"

"अंजीर वर हिरवं आहे. पाणी काढून दिलं तर एखादं मूळ धरेल. नाहीतर नाही धरणार."

"आणि धरलं तर? त्या काय परत येणार आहेत?"

"मी तसं म्हणालो का? पाणी तुंबलंय. काढायला हवं."

शिवणवालीनं पदर खोचला. "मग चर मोरीकडं काढा. ढाळ मोरीकडं आहे."

"ढाळ फाटकाकडं आहे. जन्मभर सायकल मारलीय या गावात, ढाळ मला शिकवू नको."

"सायकल काय परसात मारत होता?"

"थांबा, भांडू नका," कंपाउंडर म्हणाला आणि पंपाखालची झारी उचलून त्यानं दांड्यावर हात ठेवला. "थोडं पाणी ओतून बघू. कुठं वाहतंय ते आत्ता कळेल."

दोघांनी त्याच्याकडं बघितलं.

त्यानं झारी हळूच खाली ठेवली. काकांनी कुदळ उचलली आणि मोरीच्या बाजूनं खणायला सुरुवात केली.