रिकामा डबा धाडत नाहीत

घनश्याम मास्तरांनी भीमसिंगच्या नव्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं, तेव्हा भीमसिंगनं खालचं मुठीत घट्ट धरून ठेवलं.

"अरे, घटकाभर काढ. पाहुण्या बाई गेल्या की घाल परत."

"पाव्हणे येते म्हणूनच त घातला, गुरुजी. पाव्हण्यासमोर फाटकं कोणी घालते काय?"

चौथीतल्या पोरानं मास्तरांनाच पाहुणचार शिकवला. त्यांनी बटण सोडलं आणि मागं वळून ओळीनं बसलेली शाळा पाहिली, आणि उरलासुरला धीरही सुटला. तांड्यानं पहाटेपासून पोरं घासून काढली होती. डोक्यावर तेल इतकं की माशी बसली असती तर घसरली असती. मुलींच्या घागऱ्यांवरचे आरसे उन्हात असे चमकत होते की शाळेच्या भिंतीभर कवडसे नाचत होते. दुसरीतल्या रुपीच्या गळ्यात तिच्या आजीची चांदी होती आणि त्या वजनानं पोरीची मान वाकली होती. परदेशातून या मुलांसाठी दुधाची पावडर येते असं कुणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्यानं पाठवणाऱ्यांना ती परत मागायचा सल्ला दिला असता.

विस्तार अधिकारी मुळावकर साहेबांनी तर बजावलं होतं, मुलं जशी दिसायला हवीत तशी दिसू द्या. दूध पाठवणाऱ्या संस्थेच्या बाई फोटो काढायला येणार, ते फोटो परदेशात छापणार. त्यात मुलं भुकेली दिसली पाहिजेत. "भेट नीट पार पडू द्या," साहेब म्हणाले होते, "तुमच्या नेरच्या बदलीची ऑर्डर माझ्याकडं लागली."

नेर हा शब्द काढला की मास्तर कशालाही तयार व्हायचे. त्यांची बायको आणि चार वर्षांची कुसुम नेरला होती. आर्णीजवळच्या या बंजारा तांड्यावर मास्तर शाळेच्याच खोलीत झोपायचे, तिथं बायको-पोरीला आणायचं कुठं? मागच्या दिवाळीला ते घरी गेले तर कुसुम आईच्या पदराआड लपली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं विचारलं, "आई, हे पाव्हणे कवा जातीन?" सगळे पोट धरून हसले. मास्तरही हसले, मग पाणी आणतो म्हणून विहिरीवर गेले आणि बराच वेळ परतले नाहीत.

तेव्हा ही भेट बिघडून चालणार नव्हतं. आणि ती बिघडवली होती मास्तरांनी स्वतःच. त्यांच्यात एक दोष होता. ते फार चांगलं शिकवायचे.

दूध वर्षभर येत होतं. पावडरीला वास यायचा. पोरं नाक धरून एक घोट घ्यायची आणि उरलेलं कुंपणापलीकडं ओतायची. तांड्यावरच्या बकऱ्या त्यामुळं चांगल्याच अंगानं भरल्या होत्या. मग नव्या डब्यांबरोबर एक मोठं चित्र आलं आणि पालकसभा घेऊन ते समजावून सांगा असा हुकूम आला. मास्तरांनी ते फळ्याला टेकवून ठेवलं आणि मन लावून शिकवलं. ही परदेशातली शाळेची मुलं. ही पाहा, रस्त्यावर टेबल मांडून बिस्किटं विकताहेत. हा मुलगा लोकांची मोटार धुतोय. ही मुलगी पत्र्याचा डबा घेऊन दारोदार पैसे मागतेय. खाली हे पांढरं दिसतं ते बर्फ. एक दिवस तर सगळ्या शाळेनं दुपारचं जेवणही सोडलं. कशासाठी? तर तुमच्या मुलांना दूध मिळावं म्हणून.

मानीबाई उठून चित्रापाशी गेली. तांड्यावर तिचा शब्द पुरुषांनाही मोडता येत नसे. तिनं चित्रातल्या मुलाच्या उघड्या गुडघ्यांवर बोट ठेवलं.

"थंडीत हे लेकरू लोकाईच्या गाड्या धुते?"

"हो, पण त्यांच्यात तसं..."

"पोरगी डबा घेऊन दारोदार फिरते? आन जेवण बी सोडते?"

"हो. सेवाभाव असतो त्यांच्यात."

"यायले माय-बाप नाईत काय?"

मास्तर जितकं समजावू गेले तितकं ते गुंतत गेलं. ती मुलं खाऊनपिऊन सुखी आहेत म्हणावं, तर मग ती दारोदार का फिरतात, हे तांड्याला पटेना. शेवटी मानीबाई सगळ्यांकडं वळली.

"ह्या लेकरायच्या तोंडातलं आपल्या बकऱ्या प्याल्या," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या दिवसापासून दुधाचा एक थेंब कुंपणापलीकडं गेला नाही. पुढचंही ओघानं आलंच. पावडरीचे पत्र्याचे डबे रिकामे झाले की कचेरीत परत करायचे असा नियम होता. "कोणाच्या घरचं भांडं आमी रिकामं धाडत नाई," असं म्हणून मानीबाईनं घरोघरची तूर डब्यात ओतवली. मुलांनाही चैन पडेना. त्या मुलांना नुसती तूर कशी द्यायची, गोड काही नको का? रविवारी सगळी शाळा अब्दुल गनींच्या शेतात कापूस वेचायला गेली. अब्दुल गनी स्वतःच्या व्याह्याचा कापूसही दोनदा तोलून घेणारा माणूस. पोरांनी वेचणी कशासाठी ते सांगितल्यावर त्यांनी काट्याकडं न पाहता हातात पैसे ठेवले आणि बजावलं, "कोणाले सांगू नका रे, उद्या सारा गाव मागाले येईन." त्या पैशांच्या गुळाच्या भेल्या आल्या आणि तुरीवर रचल्या गेल्या. जेवणाचा डबा तयार झाला.

मास्तरांनी हे सगळं पाहिलं आणि चालू दिलं. आज सकाळी त्यांनी तो डबा फळ्यामागं सरकवून त्यावर सतरंजी टाकली होती. जीप गेली की मग बघू, असा त्यांचा विचार होता.

जीप सकाळी यायची ती ऊन उतरायला लागल्यावर आली. वाटेत बंद पडली होती. आधी धुळीनं माखलेले मुळावकर साहेब उतरले, मग संस्थेच्या योहाना बाई. तिशीतल्या, उंच, उन्हानं लाल झालेल्या, हाडापेरानं किरकोळ. साहेबांनी शाळेवर नजर फिरवली. आरशांचे कवडसे त्यांच्या चष्म्यावर नाचून गेले.

"मास्तर, ही गरीब मुलं?"

"आहेत साहेब. आज दिसत नाहीत."

योहाना बाईंनी मात्र हसून कॅमेरा काढला. भीमसिंगनं नाक न धरता पेला तळापर्यंत रिकामा केला आणि पालथा करून दाखवला. कुंपणापलीकडं बकऱ्यांनी ओरडून गहजब मांडला होता, पण त्याचा अर्थ पाहुणीला कळण्यासारखा नव्हता. मास्तरांच्या जिवात जीव आला. आता चार शब्द आभाराचे, आणि जीप चालती होणार.

"जेवल्याबिगर कशी जाईन पाव्हणी?" मानीबाई टोपली घेऊन दारात उभी होती.

"आमचं जेवण आर्णीच्या डाक बंगल्यावर आहे," साहेब म्हणाले. तोवर बाई मांडी घालून बसल्यासुद्धा होत्या.

ज्वारीची भाकर, तुरीच्या हिरव्या सोल्यांची भाजी, ठेचा. ठेच्यानं बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी हात थांबला नाही. एक भाकर झाली, दुसरी झाली, तिसरी मागून घेतली. भाकरीचा तुकडा मांडीवर सांडला तर तो झटकन उचलून तोंडात टाकला. ताटली बोटानं पुसून बोट चाटलं. भोवती गलका करणाऱ्या बाया एकेक करून त्यांच्या हाताकडं पाहू लागल्या.

"मास्तर," मानीबाई हळू आवाजात म्हणाली, "हे उपाशी राह्यलेली हाय."

"सकाळपासून गाडी बंद पडली होती ना, मानीबाई."

"आजची भूक नाई ही. लई जुनी हाय. मले समजते." आणि मास्तरांना अडवायला उसंत न देता तिनं हाक मारली, "पोरहो, डबा आना रे."

भीमसिंगनं आणि आणखी एकानं सतरंजी फेकली, फळा बाजूला केला आणि डबा ओढत आणून पाहुणीपुढं ठेवला. मानीबाईनं झाकण उघडलं. तूर दिसली, गूळ दिसला.

"हे तुमच्या लेकरायसाठी," ती थेट बाईंकडं पाहून म्हणाली. "आमच्या पोरायनं कापूस वेचून आनलं. त्यायले म्हणा, आता गाड्या नका धुऊ. बसून जेवा."

योहाना बाईंनी मास्तरांकडं पाहिलं. मुळावकर साहेबांनीही पाहिलं, आणि मास्तरांनी त्यांना मराठीत सगळी हकीकत सांगितल्यावर साहेबांचा चेहरा विटेसारखा झाला.

"शोभा होईल आपली," साहेब दातांतल्या दातांत बोलले. "आभार मानताहेत म्हणून सांगा. ही भेट म्हणून ठेवा म्हणावं. नेर लक्षात आहे ना?"

नेर कुठलं विसरतात मास्तर. त्यांना पदराआडून बघणारे दोन डोळे दिसले. आभार हा शब्द त्यांच्या ओठांवर आलासुद्धा. पण समोर मानीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि वर्षभर ज्यांना खरं बोला म्हणून शिकवलं ती अख्खी शाळा तेल लावून, नवे सदरे घालून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"मास्तर, बराबर सांगा," मानीबाई म्हणाली.

मास्तरांनी आपल्या मॅट्रिकच्या इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत, बराबर सांगितलं. चित्र, बर्फ, मोटार धुणारा मुलगा, बकऱ्या, कापूस, सगळं. बकऱ्यांच्या ठिकाणी साहेबांनी डोळे मिटून घेतले.

बाई हसतील असं मास्तरांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी डब्यावर दोन्ही हात ठेवले. मग हळूहळू बोलल्या, आणि मास्तर ते जसंच्या तसं मराठीत सांगत गेले. जगभर लढाई चालू होती. ही लहान होती, आपल्या चौथीतल्या मुलांएवढी. एका हिवाळ्यात हिच्या गावात खायला काही उरलं नाही. तेव्हा हिच्या आईनं बागेतल्या फुलांचे कांदे उकरून शिजवले आणि पोरांना घातले.

"कांदे?" मानीबाई म्हणाली. "भाकरीबिगर?"

"भाकर नव्हतीच, मानीबाई."

मानीबाईनं टोपलीतल्या उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या, गुळावर ठेवल्या आणि झाकण लावलं.

डबा जीपच्या मागं बांधू या असं ड्रायव्हर म्हणाला, पण बाईंनी ऐकलं नाही. तो आतच पाहिजे. आत जागा एकच होती, ती मुळावकर साहेबांच्या मांडीवर. डब्याआडून साहेबांचा फक्त चष्मा दिसत होता.

"मास्तर," चष्म्यामागून आवाज आला, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. इथंच उपयोगी पडेल."

जूनमध्ये बदल्यांची यादी लागली. मास्तरांचं नाव तिच्यात नव्हतं. तिसऱ्या दिवशी मानीबाईनं शाळेच्या दारात येऊन विचारलं, "पोरगी तठी आन तुमी अठी. तुमाले जाऊ देत नाईत त पोरीलेच काहून आनत नाई?" खोली नाही हे मास्तरांनी सांगितलं. पोळ्याच्या आत तांड्यानं शाळेमागं कुडाची दोन खोल्यांची जागा उभी केली आणि मानीबाईनं स्वतः शेणानं सारवून दिली.

बायको आली, कुसुम आली. मानीबाईला ती आठवड्याभरात तांड्यावरच्या पोरांसारखं मानीयाडी, म्हणजे मानीआई, म्हणायला लागली. बापाला मात्र इथंही पाव्हणेच म्हणायची. सगळा तांडा हसायचा, मास्तरही हसायचे, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दिवाळीनंतर परदेशातून एक खोकं आलं. आत भुशात गुंडाळलेले तपकिरी सालीचे कांदे होते आणि सोबत योहाना बाईंच्या चार ओळी. डबा पोचला, मुलं बसून जेवली, रिकामं भांडं पाठवायची आमच्याकडंही आता लाज वाटते. हे थंडीत लावा, फुलं येतील. मास्तरांनी सगळ्यांना वाचून दाखवलं, खायचे नाहीत, लावायचे आहेत असं निक्षून सांगितलं, आणि खोकं घराच्या ओट्यावर ठेवलं.

संध्याकाळी ते शाळेत उद्याचे शब्द फळ्यावर लिहीत होते. कुसुम धापा टाकत आली.

"बाबा, मानीयाडीनं त्यातला एक कांदा चुलीत घातला."

मास्तरांच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला.

"काय म्हणालीस?"

"चुलीत घातला म्हणलं कांदा. चाला ना."

तिनं त्यांचं बोट धरलं आणि ओढतच नेलं.

मानीबाईच्या चुलीभोवती निम्मी शाळा जमली होती. तिनं राखेतून कांदा काढला, फुंकर मारून काळी साल सोलली, एक बारीक तुकडा तोंडात टाकला. तोंड कडू झाल्याचं सगळ्यांना दिसलं. पण तिनं तो थुंकला नाही. चावत राहिली, गिळला, वर पाणी प्यायली.

"कसा लागते, याडी?" भीमसिंगनं विचारलं.

तिनं उरलेला कांदा राखेत सरकवला आणि कुसुमचं बोट धरून उभ्या असलेल्या मास्तरांकडं पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "औंदा डब्यात तूर दुप्पट घालू."