डांबरावरचं भूत

त्या सोमवारी शुक्रवार पेठेत चनबसप्पांच्या दारात एवढी गर्दी लोटली होती की माझ्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा पुडी टाकून तिकडे गेलं. मधोमध त्यांची लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणि तिच्यासमोर गंडेमहाराज.

जीपला भूत लागलं होतं. दसऱ्याला महाराजांनी तिची पूजा केली, तेव्हापासून ती वळणावर अडायची. स्टिअरिंग जड व्हायचं, चाकं किंचाळायची. एकदा तर ती कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर चढली. दर सोमवारी महाराज यायचे, आत बसायचे, सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि गाडी सात पावलं मागे ढकलून घ्यायचे.

"भुताची पावलं उलटी. ते मागं चालतच उतरणार की."

भूत उतरायचं. पेठेत झोकात फेरी व्हायची. मग महाराज गिअरजवळच्या बुटक्या दांड्याला नवा काळा गंडा बांधायचे. हात लावील तो रक्त ओकेल, असं बजावायचे. मंगळवारी भूत परत हजर.

ते परत का येतं, असं शेवटी कुणीतरी विचारलंच. महाराजांनी माडीकडे बोट केलं. चनबसप्पांची नवी सून दाक्षायणी दसऱ्यालाच या घरात आली होती. मग तिला माडीवर कोंडली, बाहेरून कडी. आज तिला कुर्डुवाडीला माहेरी धाडायचं होतं, कायमचं.

माझी खिडकी त्या माडीसमोर. परवा ती गजांतून म्हणाली, "काका, जीप आमच्या मोहोळच्या शेतात जाते, तिथं पण भूत येतं का हो?"

मला मोजदादीची खोड. ड्रायव्हर निंगप्पाला खोदून विचारलं. नदीच्या वाळूत, नांगरटीत एकदाही नाही. डांबरावर मात्र रोज. भूत रस्त्याचं कंत्राटदार असावं, असं मी तिला सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली. तिचे वडील फिटर. जीपगाड्यांची दुरुस्ती पाहतच ती वाढलेली.

आज कडी उघडली तशी ट्रंक घेऊन ती खाली आली. "मामंजी, जाते मी. पण एकदा त्या दांड्याला हात लावू द्या."

"रक्त ओकशील," महाराज म्हणाले.

"ओकले तर तुमचंच खरं ठरंल की."

हे ऐकून गर्दी आणखी पुढे सरकली. चनबसप्पांना नाही म्हणता येईना. तिने गंडा तोडला, निंगप्पाला गाडी जराशी मागे घ्यायला लावली आणि दांडा पुढे सारला. जीप चौकात लोण्यासारखी वळली. मग तिने दांडा मागे ओढला. चाकं किंचाळली.

"आलं भूत," ती म्हणाली. गाडी मागे, दांडा पुढे. "गेलं."

मग तिने समजावलं. दांडा ओढला की चारही चाकं इंजिनाला एकत्र जखडतात. वळताना पुढच्या चाकांना लांबचा फेरा पडतो, मागच्यांना जवळचा. पण वेग मात्र एकच. वाळूत चाक थोडं घसरून सुटतं, डांबर सोडत नाही. गाडी मागे घेतली की यंत्रात बसलेला पीळ उतरतो आणि दांडा सुटतो. सगळ्यांचे डोळे मिटले की महाराज तो पुढे सारायचे आणि गंडा बांधताना परत ओढून ठेवायचे. महाराज पूर्वी लष्करी गाड्या धूत असत, हे नंतर कळलं. तोवर ते सरळ पावलांनी पळाले होते.

चनबसप्पा खाली मान घालून म्हणाले, "पोरी, वर जा. दमलीस."

"आधी कडी काढा, मामंजी."

निंगप्पाने पान्याने ती उचकटली.

वाचकहो, चमत्कार कुठं होतो एवढंच बघू नका. कुठं होत नाही, तेही विचारा. आणि घाबरायचं कशाला, तेही ठरवा. दांड्याला हात लावायला आमची पेठ पाच आठवडे घाबरली, मीसुद्धा. कडी लावायला मात्र कुणी घाबरलं नाही.